आजोबांची जीन्स आणि पट्ट्याचे नवे भोक

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सत्तरी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दवाखान्यात आले ते काळजीने काळवंडलेल्या चेहऱ्यानेच. "उजव्या मांडीची बाहेरची बाजू बधिर झाली आहे, मधूनच आग होते. अर्धांगाची सुरुवात तर नाही ना, डॉक्टर?" मी तपासले. पायातील ताकद उत्तम होती, चालणे सरळ होते, पाठीत दुखत नव्हते. तपासणीच्या टेबलावर आडवे होण्यापूर्वी मात्र त्यांनी दीर्घ श्वास सोडत पँटचे बटण काढले, आणि ओटीपोटावर उमटलेला तांबडा वळ मला दिसला.

"काका, ही जीन्स नवी दिसते."

"लेकीने दिवाळीला आणली. जरा घट्ट आहे, पण रोज घालतो. तिला बरं वाटतं."

मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेची संवेदना वाहून नेणारा एक मज्जातंतू कमरेच्या हाडाच्या पुढील टोकाजवळून, जांघेतून खाली उतरतो. घट्ट कंबर, रुंद पट्टा किंवा सुटलेले पोट यांचा दाब त्यावर पडला की मांडी बधिर होते, मुंग्या येतात, आग होते. वैद्यकात यास मेराल्जिया पॅरेस्थेटिका असे भारदस्त नाव आहे. मधुमेहींना याचा त्रास अधिक संभवतो. हा मज्जातंतू केवळ संवेदनेचा असल्याने पायाची ताकद कमी होत नाही, आणि दाब दूर केल्यावर बहुतेकांना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आराम पडतो. मात्र एका बाजूची शक्ती अचानक गेली, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर कपड्यांना दोष देत घरी न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

जीन्सविषयी माझे वैर नाही. ती मुळात कष्टकऱ्यांची विजार. खिशांचे कोपरे फाटू नयेत म्हणून तांब्याच्या रिबिटी ठोकण्याचे एकस्व जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना अमेरिकेत 20 मे 1873 रोजी मिळाले. डेनिमचे भावंड शोभणाऱ्या जाड्याभरड्या कापडाला इंग्रजीत जे 'डंगरी' नाव पडले, ते तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. तेव्हा ज्येष्ठांनी जीन्स घालण्यात वावगे काहीच नाही. ती आजच्या देहाला बेतलेली असावी, इतकेच.

अडचण येथेच येते. "गेली वीस वर्षे माझी कंबर चौतीसच आहे," असे अभिमानाने सांगणारे रुग्ण मला आठवड्यातून एक तरी भेटतात. पँट पोटाच्या खाली सरकत गेलेली असते, म्हणून आकडा बदललेला नसतो. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांच्या चौतीसमध्ये दोन-दोन इंचांचे अंतर पडू शकते. आरोग्यासाठी कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. भारतीय पुरुषांत हे माप 90 सेंटीमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंचांच्या, पुढे गेले की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. पँटचे माप वेगळे. ती जेथे नेसता तेथे टेप लावून ते घ्यावे. ही दोन मापे एकच समजू नयेत.

दुकानात आरशापुढे उभे राहून जीन्स पसंत करणे तरुणांना परवडते. ज्येष्ठांनी ती घालून खुर्चीवर बसावे, पुढे वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखे करावे. बसल्यावर कमरेत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. आसन उथळ असेल तर बसताना पँट मागून उतरते आणि जांघेत काचते. म्हणून कमी उंचीची, पोटाखाली बसणारी जीन्स या वयात टाळलेलीच बरी. मोहरी इतकी निमुळती नको की सुजलेल्या घोट्यावरून ती ओढावी लागेल. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी संध्याकाळी पाय सुजतात, हे विसरू नये.

लांबीबाबत मी आग्रही आहे. दुकानात बूट घालून बरोबर वाटलेली पँट घरी अनवाणी पायांनी टाचेखाली येते. रात्री स्नानगृहाकडे जाताना पाय तिच्यात अडकला, तर एका इंचाची किंमत खुब्याच्या हाडाने मोजावी लागते. अनवाणी उभे राहून टाच दिसेल इतकी लांबी ठेवावी आणि जास्तीचे कापड दुमडून न ठेवता शिंप्याकडून शिवून घ्यावे. पँट चढवताना पलंगाच्या कडेवर किंवा खुर्चीवर बसावे. एका पायावर तोल सांभाळण्याची कसरत नको. पक्षाघात झालेल्या रुग्णाला कपडे घालताना आधी अशक्त पाय घालावा, काढताना तो शेवटी काढावा. शुश्रूषा करणाऱ्यांचे निम्मे श्रम एवढ्याने वाचतात.

टिकाऊपणा केवळ जाडीत नसतो. जीन्स प्रथम झिजते ती मांड्यांच्या आतल्या बाजूस, म्हणून तेथील शिवण दुहेरी आहे ना, हे उलटून पाहावे. मध्यम वजनाचे, सुतात एक-दोन टक्के इलॅस्टेन मिसळलेले कापड गुडघ्यात वाकते आणि पुरेसे टिकतेही. गरम पाणी आणि ब्लीच यांनी हे ताणणारे धागे लवकर मरतात. जीन्स उलटी करून थंड पाण्यात धुवावी. जमल्यास शिंप्याकडून शिवून घ्यावी आणि मागच्या शिवणीत माया ठेवायला सांगावी. पावसाळ्यात मात्र जाड जीन्स कपाटातच राहू द्यावी. ती दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि दमट कापडाने जांघेत गजकर्ण फोफावते. त्यावर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम परस्पर आणून लावू नये; खाज थांबते, बुरशी पसरते.

नव्या जीन्सचे कडक काज हा आणखी एक जाच. प्रोस्टेटच्या रुग्णाला घाई होते, संधिवाताने किंवा कंपवाताने बोटे साथ देत नाहीत, आणि कपडे ओले होतात. मग तो गृहस्थ लग्नाकार्याला जाणेच सोडतो. कारण विचारले तर "गर्दी सोसत नाही" म्हणतो. बटण वरून तसेच दिसू देऊन आत चिकटपट्टी लावणे, चेनच्या टोकाला छोटी कडी अडकवणे, कमरेत मागून इलॅस्टिक घालणे ही कामे कोपऱ्यावरचा शिंपी अर्ध्या तासात करून देतो.

पँट घट्ट होते तेव्हा माणूस तक्रार करतो. ती सैल झाली, तर बहुधा आनंदच मानतो, आणि मला अधिक भीती वाटते ती याची. काही वर्षांपूर्वी एक ज्येष्ठ रुग्ण दरमहा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे येत. मी रक्तदाब लिहीत असे. वजनाचा रकाना रिकामा राहत असे. एके दिवशी ते उठताना त्यांच्या पट्ट्याकडे लक्ष गेले. कंपनीची भोके संपल्यावर त्यापुढे एक ओबडधोबड भोक खिळ्याने पाडलेले होते. वजनकाट्यावर उभे केले, तर दीड वर्षापूर्वीच्या नोंदीपेक्षा आठ किलो कमी. खोकला किरकोळ, तोही त्यांनी सांगितला नव्हता. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला.

काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, तर त्याचा शोध घ्यावाच लागतो. क्षय, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग, कधी नैराश्य, तर कधी केवळ सैल झालेली कवळी. घरातल्यांनी महिन्यातून एकदा वडिलांचा पट्टा कोणत्या भोकावर आहे ते पाहावे. वजनकाटा नसलेल्या घरातही पट्टा असतो.

त्या गृहस्थांचे उपचार सहा महिने चालले. पट्टा हळूहळू मूळ भोकावर परत आला. दर महिन्याला ते दारातच थांबतात, चपला काढतात आणि मी काही म्हणण्याआधी वजनकाट्यावर चढतात.