दूरस्थ दोषशोधन

दूरस्थ दोषशोधन : संगणकीय कार्यक्रम ज्या उपकरणावर चालू असतो त्याहून वेगळ्या संगणकावरून त्या कार्यक्रमाची चालू अवस्था आणि उपकरणातील संचय यांचे निरीक्षण करून दोष हुडकून काढण्याची पद्धती. मोबाइलवर चालणाऱ्या ॲपांच्या निर्मितीत हिला विशेष महत्त्व आले आहे, कारण ॲप लिहिले जाते एका यंत्रावर आणि चालते दुसऱ्यावर. प्रत्यक्षात पुष्कळदा हे ‘दूरत्व’ एका हातभर तारेचेच असते. कार्यक्रमकाराच्या मेजावर संगणक असतो आणि त्याला जोडलेला मोबाइल शेजारी असतो. तथापि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलमध्ये दोष उद्भवतो, तेव्हा हे अंतर शेकडो किलोमीटरचे होते आणि पद्धतीचे स्वरूपही बदलते.

संगणकातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची चाल संगणकाहून जुनी असून एडिसन यांच्या १८७८ मधील पत्रव्यवहारात ती आढळते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्व्हर्ड विद्यापीठातील मार्क-२ या गणकयंत्राच्या अभिचालित्रात खराखुरा पतंग सापडला व तो नोंदवहीत चिकटविण्यात आला, त्यामुळे या शब्दाला दंतकथेचे वलय लाभले.

अवस्था व संचय : चालू ॲपमधील माहिती दोन ठिकाणी वसते. पडद्यावर कोणते पान उघडे आहे, अर्जातील कोणत्या चौकटी भरून झाल्या आहेत, वापरणाऱ्याची ओळख पटली आहे किंवा नाही, ही सर्व तात्पुरती माहिती उपकरणाच्या चालू स्मृतीत असते. हिला ॲपची अवस्था म्हणतात. ॲप बंद झाले की ती नाहीशी होते. याउलट मोबाइल बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकणारी माहिती संचयात लिहिलेली असते. संचयाचेही प्रकार आहेत. लहानसहान पसंती नाव-मूल्य अशा जोड्यांच्या रूपाने ठेवतात. सारणीबद्ध माहितीसाठी डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रथम प्रसिद्ध केलेले एसक्यूलाइट हे माहितीकोशाचे साधन वापरतात. छायाचित्रे स्वतंत्र धारिकांमध्ये ठेवली जातात. अँड्रॉइड प्रणालीत प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता-क्रमांक व खाजगी कप्पा मिळतो आणि एका ॲपला दुसऱ्याच्या कप्प्यात डोकावता येत नाही. सुरक्षिततेला हे पोषक असले, तरी दोषशोधकाच्या वाटेत हीच भिंत उभी राहते.

बहुतेक चिवट दोष अवस्था आणि संचय यांच्या सांध्यावर आढळतात. पडद्यावर ‘नोंद जतन झाली’ असे दिसते, पण संचयात काही लिहिलेले नसते. किंवा संचयात जुन्या आवृत्तीच्या आराखड्यातील मजकूर असतो आणि नवी आवृत्ती तो वाचताना अडखळते.

बहुमंचीय विकसन : अँड्रॉइड व आयओएस या दोन्ही प्रणालींवर चालणारे ॲप एकदाच लिहिता यावे, या हेतूने निघालेल्या पद्धतींना बहुमंचीय म्हणतात. २००९ च्या सुमारास पुढे आलेल्या फोनगॅपने व त्यातून निघालेल्या अपाचे कॉर्डोव्हाने आंतरजालीय पानच ॲपच्या आत बसविले. फेसबुकने २०१५ साली रिॲक्ट नेटिव्ह खुले केले आणि गूगलच्या फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. लेखन एकच असले, तरी खाली दोन भिन्न प्रणाली आणि असंख्य प्रकारचे संच असतात. त्यामुळे दोष सामाईक भागातला, मंचाचा की विशिष्ट संचाचा, हे ठरविणे हेच दोषशोधनाचे पहिले काम होऊन बसते.

साधने : अँड्रॉइडमध्ये संगणक व मोबाइल यांना सांधणारा ‘दोषशोधन सेतू’ असतो. तो मोबाइलमध्ये मुद्दाम सुरू करावा लागतो. ४.२.२ या आवृत्तीपासून संगणकाची ओळख मोबाइलधारकाने मान्य केल्याखेरीज तो जोडला जात नाही. २०२० मधील ११ व्या आवृत्तीपासून जोडणी-संकेतांक देऊन तो बिनतारीही जोडता येतो. आयओएसच्या ६ व्या आवृत्तीपासून (२०१२) सफारी न्याहाळकाच्या निरीक्षकातून मोबाइलमधील पाने तपासता येऊ लागली. २०१३ मधील अँड्रॉइड ४.४ पासून ॲपमधील आंतरजालीय पानांबाबत क्रोममधूनही तशी सोय झाली. अवस्थेच्या निरीक्षणाला रिडक्स या संग्रहालयाने (२०१५) वेगळी दिशा दिली. अवस्थेतील प्रत्येक बदल एका नोंदीच्या रूपाने घडत असल्यामुळे त्या नोंदी उलट क्रमाने मागे घेऊन दोष नेमका कोणत्या पायरीला शिरला, हे पाहता येते.

साधनांवर विसंबताना एक सावधगिरी आवश्यक असते. रिॲक्ट नेटिव्हमधील मूळच्या दूरस्थ दोषशोधनात कार्यक्रमाचा जावास्क्रिप्ट भाग मोबाइलवर न चालता संगणकातील क्रोममध्ये चालविला जाई व फक्त पडदा मोबाइलचा असे. दोन ठिकाणची कार्ययंत्रणा निरनिराळी असल्याने तारखा वाचण्यासारखे व्यवहार संगणकावर बिनचूक होत आणि जोडणी काढताच मोबाइलवर चुकत. रोग्याऐवजी त्याच्या धडधाकट भावाची नाडी पाहण्यासारखाच हा प्रकार होता. २०२३ मध्ये ही पद्धत कालबाह्य ठरविण्यात आली आणि प्रत्यक्ष उपकरणावरील कार्ययंत्रणेशीच जोडणाऱ्या साधनांनी तिची जागा घेतली.

भंडारा जिल्ह्यातील उदाहरण : १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर उरलेल्या भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके आहेत. धान हे येथील मुख्य पीक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ च्या खरिपापासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली. तीनुसार शेतकऱ्याने शेतात जाऊन मोबाइलवर पिकाचे नाव व क्षेत्र भरावयाचे आणि अक्षांश-रेखांशांसह पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे असते. नोंद सातबारा उताऱ्यावर येते. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी ती लागत असल्याने मोबाइलमधील एक हरवलेली ओळ घरच्या वर्षभराच्या हिशोबापर्यंत पोहोचते. नागझिऱ्याच्या जंगलाकडील गावांत व वैनगंगेच्या खोऱ्यातील काही शिवारांत संदेशवहन क्षीण असते. म्हणून अशा प्रकारच्या कोणत्याही ॲपने नोंद आधी संचयात ठेवणे व जाळे मिळताच मध्यवर्ती संगणकाकडे पाठविणे इष्ट ठरते. पुढील तीन अडचणी कोणा एका ॲपच्या नाहीत. अशा परिस्थितीत चालणाऱ्या सर्वच ॲपांना त्या संभवतात.

पहिली कॅमेऱ्याची. अर्ज भरता भरता छायाचित्रासाठी कॅमेरा उघडला की ॲप पार्श्वभूमीत जाते. स्मृती अपुरी असल्यास अँड्रॉइड प्रणाली कॅमेऱ्याला जागा करून देण्यासाठी पार्श्वभूमीतील ॲप सरळ संपविते. शेतकरी छायाचित्र घेऊन परततो, तेव्हा ॲप नव्याने सुरू होते व भरलेला अर्ज कोरा असतो. पुण्या-मुंबईतील कार्यक्रमकाराच्या ८ जीबी स्मृतीच्या संचावर हे सहसा घडत नाही, त्यामुळे तक्रार त्याला अविश्वसनीय वाटते. या बाबतीत २०२१ सालची घटना बोलकी आहे. त्या वर्षी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाकडून मिळालेले मोबाइल परत केले. २ जीबी स्मृतीचे ते संच कामाला अपुरे पडतात, ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती. अँड्रॉइडच्या विकसक-पर्यायांत मागे पडलेली पाने ताबडतोब नष्ट करण्याची सोय असून ती चालू केल्यास हा दोष मेजावरही जवळजवळ हुबेहूब उभा करता येतो. कॅमेरा उघडण्यापूर्वीच अर्धवट अर्ज संचयात लिहून ठेवणे, हा यावरील उपाय होय.

दुसरी अडचण लिपीची आहे आणि मराठी वाचकाला ती अधिक जवळची वाटेल. मोबाइलची भाषा मराठी निवडली असता अँड्रॉइडमधील संख्या मांडण्याच्या काही नेहमीच्या आज्ञा देवनागरी अंक वापरतात. क्षेत्र ‘०.४०’ असे देवनागरीत संचयात लिहिले गेले आणि पुढे जावास्क्रिप्टमधील आज्ञेने ते संख्या म्हणून वाचावयाचे ठरले, तर उत्तर ‘संख्या नव्हे’ असे येते. पडद्यावर सर्व ठीक दिसते, मात्र नोंद पाठविताना नाकारली जाते. इंग्रजी भाषा निवडलेल्या संचावर हा दोष कधीच दिसत नाही. मराठीचा आग्रह धरणाऱ्यालाच त्याची शिक्षा व्हावी, हे विचित्र आहे. ‘ऱ’ या अक्षराचीही अशीच गत आहे. युनिकोड संकेतावलीत ते एका संकेताने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण प्रमाणीकरण न करता तुलना केल्यास यंत्राला ती भिन्न वाटतात आणि नावात ‘ऱ’ असलेला खातेदार शोधूनही सापडत नाही. असे दोष पडदा पाहून कळत नाहीत. संचयातील मजकूर संकेतांच्या पातळीवर वाचावा लागतो.

तिसरी अडचण संचय बाहेर काढण्याची आहे. विकसनासाठी बांधलेल्या आवृत्तीत सेतूमार्गे ॲपच्या खाजगी कप्प्यात शिरून माहितीकोशाची प्रत घेता येते. परंतु एसक्यूलाइटमध्ये २०१० पासून उपलब्ध असलेली आगाऊ नोंदवहीची पद्धत वापरात असल्यास ताजे बदल मुख्य धारिकेत न जाता शेजारच्या नोंदवहीत साचतात. फक्त मुख्य धारिका उचलली, तर सर्वांत नव्या नोंदी दिसत नाहीत आणि त्या हरवल्या असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दोन्ही धारिका बरोबरच घ्याव्या लागतात.

दूरवरील उपकरण : लोकांना वाटण्यासाठी बांधलेल्या आवृत्तीत दोषशोधनाचे दार बंद असते. साकोलीतील मोबाइलला पुण्यातील संगणक तारेने जोडता येत नाही आणि जोडला, तरी ॲप उघडे पडत नाही. अशा वेळी ॲपमध्येच आधीपासून तरतूद करावी लागते. शेवटच्या काही क्रियांची क्रमवार नोंद, संचाचा प्रकार, प्रणालीची आवृत्ती, निवडलेली भाषा, मोकळी जागा आणि न पाठविलेल्या नोंदींची संख्या एवढे कळले, तरी पुष्कळसे दोष ओळखता येतात. गावोगाव सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘ॲप काढून टाका व पुन्हा घ्या’. याने ॲप सुरू होते हे खरे, पण अँड्रॉइडमध्ये ॲप काढले की त्याचा खाजगी कप्पाही पुसला जातो. न पाठविलेल्या नोंदी आणि दोषाचा पुरावा ही दोन्ही त्याबरोबर नष्ट होतात. सेटिंग्जमधील तात्पुरता साठा पुसणे व सर्व डेटा पुसणे हे दोन पर्याय शेजारी शेजारी असले, तरी त्यांच्या परिणामांत असाच फरक आहे.

हाताला न लागणाऱ्या यंत्रावरील दोषशोधन अवकाशविज्ञानात पराकोटीला पोहोचले. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले. पृथ्वीवरील प्रतिकृतीवर कार्यांच्या अग्रक्रमातील उलटापालट हे कारण सापडले आणि दुरुस्ती संदेशाद्वारे धाडण्यात आली. नोव्हेंबर २०२३ पासून व्हॉयेजर-१ निरर्थक संदेश पाठवू लागले, तेव्हा मार्च २०२४ मध्ये त्याच्या एका संगणकाची संपूर्ण स्मृती पृथ्वीवर उतरवून घेऊन जुन्या प्रतीशी ताडून पाहण्यात आली. एक स्मृतिघटक निकामी झाला होता. त्यावरील आज्ञा तुकड्यातुकड्यांनी इतरत्र हलविल्यावर एप्रिलमध्ये यान पुन्हा सुसंगत बोलू लागले. संदेश एका दिशेने पोहोचण्यास साडेबावीस तास लागत होते.

गोपनीयता : व्हॉयेजरच्या स्मृतीत कोणाचे खाजगी काही नव्हते. शेतकऱ्याच्या मोबाइलमधील संचयात मात्र खातेक्रमांक, छायाचित्रे, ठावठिकाणा व प्रवेशाची संकेतचिन्हे असतात. दोष शोधण्यासाठी संपूर्ण संचय मागविणे सोपे असले, तरी ते उचित नाही. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत झाला असून संमती व मर्यादित हेतू ही त्याची प्रमुख तत्त्वे आहेत. त्यामुळे नावे व क्रमांक झाकून केवळ रचना पाठविणे, अहवाल धाडण्यापूर्वी त्यातील मजकूर धारकाला त्याच्या भाषेत दाखविणे आणि काम होताच प्रत नष्ट करणे, या गोष्टी ॲप बांधतानाच ठरवाव्या लागतात. (→ संगणक).