पगाराच्या स्लिपवर चर्च?

जर्मनीत नोकरीला निघाला असाल तर आजचा भाग नीट ऐका. तिथे पोहोचलं की पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. आपण सवयीने भरून टाकतो. पण तिथे ‘कॅथलिक’ लिहिलं की पगारातून चर्च कर कापला जातो! बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8 टक्के, बाकीकडे 9. पगाराच्या नव्हे हं, आयकराच्या. म्हणजे 500 युरो आयकर बसला, तर वर 45 युरो चर्चला.

मग हा देश सेक्युलर कसा? 1919च्या वायमार राज्यघटनेने सांगितलं, सरकारी चर्च असणार नाही. पण त्याच घटनेने चर्चला सभासदांकडून कर घ्यायचा हक्कही दिला. 1949च्या घटनेने ती कलमं तशीच उचलली. वसुली सरकार करतं आणि चर्चकडून त्याचे पैसे घेतं.

नको असेल तर सरकारी कार्यालयात जाऊन चर्च सोडता येतं. 2022 मध्ये 5 लाखांहून जास्त कॅथलिकांनी सोडलं. कारण फक्त कर नव्हतं, धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचा संतापही होता.

मला खटकतं ते वेगळंच. 2012 मध्ये जर्मन बिशपांनी ठरवलं, असं बाहेर पडणाऱ्याला कम्युनियन नाही, कन्फेशन नाही. ‘श्रद्धा आहे, फक्त कर नको’ म्हणायची सोयच नाही. आणि बाप्तिस्मा वसईत झाला असला, तरी तिथे तुम्ही सभासदच. तेव्हा रकान्यात काय लिहायचं, ते विमानात बसण्याआधी घरच्यांशी बोलून ठरवा.