पातळ, पण नवे

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने! सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यापासून थेट मुंबईपर्यंत जुन्या पिढीला ही धास्ती ठाऊक होती. त्या इंजेक्शनांतली रेबीजवरची लस डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये कसौलीत सिद्ध केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा आणि फिनॉलने मारायचा, अशी तिची कृती. परळच्या हाफकिन संस्थेतही ती तयार होई. तिने असंख्य जीव वाचवले. पण मोजक्या माणसांवर तिने भयंकर घाला घातला. रेबीजच्या तावडीतून सुटलेला माणूस लसीचे डोस घेता घेताच पायांतले बळ गमावून बसे.

संशय अर्थातच विषाणूवर गेला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी हा संशय कसाला लावला. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क टोचला. त्यात विषाणूचा मागमूसही नव्हता. १९३३ मधले पहिले निष्कर्ष तुटपुंजे होते. रिव्हर्स मागे हटले नाहीत. सहकारी श्वेंटकर यांच्यासह त्यांनी महिनोन्महिने टोचणी चालू ठेवली आणि १९३५ पर्यंत माकडे झोकांड्या खाऊ लागली होती. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसेनात. दिसल्या त्या मायलिन गमावलेल्या मज्जातंतूंच्या उघड्या पडलेल्या जागा. परक्या मेंदूशी लढायला उठलेले शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटले होते.

विजेच्या तारेवर वेष्टण असावे तसे मायलिन मज्जातंतूला लपेटून असते. मेंदूत ते विणणाऱ्या पेशी, ऑलिगोडेंड्रोसाइट, स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९२१ मध्ये ओळखल्या होत्या. गुरुतुल्य मेंदूशास्त्रज्ञ काहाल यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडावे लागल्यावरही त्यांनी हा ध्यास सोडला नव्हता. मात्र मेंदूची जखम भरून येत नाही, हे मत पक्के रुजलेले होते. मग लसीने लुळे पडलेले काही रुग्ण पुन्हा चालू कसे लागत?

या कोड्याची एक किल्ली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सापडली. रिचर्ड आणि मेरी बंज या दांपत्याने हान्स रिस यांच्यासह मांजरांच्या मज्जारज्जूभोवतीचा द्रव वारंवार काढून पुन्हा आत सोडला, मायलिन झडू दिले आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिवसांमागून दिवसांचे नमुने तपासले. सुरुवातीला सगळीकडे विध्वंसच होता. एकोणिसाव्या दिवसाच्या नमुन्यात मात्र उघड्या तंतूंभोवती नवी वेटोळी पडू लागलेली दिसली. चौसष्टाव्या दिवसापर्यंत तंतूंवर नवे आवरण चढले होते. पातळ, पण नवे! १९६१ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि ते जुने मत कोसळले.

हे विणकर येतात कुठून? १९८३ मध्ये लंडनमध्ये मार्टिन रॅफ यांच्या चमूला उंदराच्या डोळ्याच्या मज्जातंतूत त्यांची पूर्वज पेशी गवसली. अशा पेशी प्रौढ मेंदूतही राखीव असतात. जखम होताच त्या तिकडे धावतात, वाढतात आणि मायलिन विणतात. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या मायलिन झडवणाऱ्या जुनाट आजारात मात्र त्या अर्ध्या वाटेवरच अडतात.

तो अडसर हटवण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोत जोना चॅन यांनी सूक्ष्म शंकूंवर पेशी वाढवल्या. एखाद्या औषधाने वेष्टण विणले गेले, की वरून पाहताना वलय दिसे. २०१४ मध्ये त्या चाळणीतून क्लेमास्टिन हे ॲलर्जीवरचे जुने, स्वस्त औषध वर आले. २०१७ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ५० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारा संदेश १.७ मिलिसेकंद लवकर पोहोचू लागला होता. लाभ अल्पच, पण जुनाट इजेतही माणसाचे मायलिन औषधाने दुरुस्त करता येऊ शकते, याचा तो पहिला सबळ पुरावा ठरला.