संविधानाचा धडा कांद्याच्या बाजारात

लासलगाव : शाळांमध्ये संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करण्याचा निर्णय राज्य सरकारने जानेवारी २०२० मध्ये घेतला. मात्र उद्देशिका पाठ होणे आणि संविधान समजणे या भिन्न गोष्टी आहेत. समज यायची तर विद्यार्थ्यांच्या हाती त्यांच्याच गावातील प्रश्न द्यावा लागतो. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या लासलगावात तो दूर शोधावा लागत नाही.

केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यातीवर बंदी घातली. ४ मे २०२४ रोजी ती किमान निर्यातमूल्य व शुल्काच्या अटींसह उठवली. हा अधिकार कोणाचा? सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी संविधानाची सातवी अनुसूची उघडल्यास शेती व बाजार राज्यसूचीत, तर परदेशी व्यापार संघसूचीत आढळेल.

पुढील प्रश्न हक्काचा. अनुच्छेद १९ नागरिकांना व्यवसायाचे स्वातंत्र्य देतो, तसेच सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा शासनाला देतो. मग ग्राहकाला कांदा परवडावा म्हणून उत्पादकाची बाहेरची बाजारपेठ बंद करणे वाजवी ठरते का? एका गटाने शेतकऱ्याची, दुसऱ्याने ग्राहकाची बाजू मांडावी. पुराव्यासाठी बाजार समितीतील भाव व सरकारी अधिसूचना तपासाव्यात. नंतर गटांनी बाजू बदलाव्यात. शिक्षकाने निकाल देण्याची घाई करू नये.

घरी बंदीची झळ सोसलेल्या मुलाला ग्राहकाची बाजू मांडणे जड जाईल; परंतु संविधानाचे खरे शिक्षण तेथूनच सुरू होते.