मोजून दिलेला मान: तोफांची सलामी आणि मराठी संस्थाने

तोफ हे मुळात संहाराचे साधन असूनही सलामीत तिचा उपयोग नेमका उलट कारणासाठी होतो. सलामीच्या तोफेत गोळा नसतो, नुसत्या दारूचा बार असतो, आणि या बारातून समोरच्याला एवढेच कळवायचे असते की आता ही तोफ रिकामी झाली आहे. जुन्या काळी एकदा उडवलेली तोफ पुन्हा भरायला बराच वेळ लागत असे. त्यामुळे परक्या बंदरात शिरणाऱ्या जहाजाने आपल्या तोफा उडवून मोकळ्या करणे म्हणजे काही वेळापुरते स्वतःला निःशस्त्र करून यजमानाच्या हवाली करणे होते, आणि किल्ल्यावरून मिळणारे उत्तर ही त्या विश्वासाची पोच होती. जहाजावरील सात बारांना किल्ल्यावरून प्रत्येकी तीन बारांनी उत्तर दिले जाई व त्यातूनच एकवीस हा आकडा रूढ झाला, अशी पारंपरिक उपपत्ती सांगतात. ती गणिताला सोयीची आहे, एवढे तिच्याविषयी म्हणता येईल. सलामीचे बार विषम संख्येत देण्याची प्रथा मात्र आरमारी जगात सर्वत्र मुरली, कारण सम संख्या शोकाची मानली जाई.

विश्वासाच्या या खुणेची प्रतवारीची मोजपट्टी कशी झाली, हे ब्रिटिश हिंदुस्थानाच्या इतिहासाइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसेल, आणि त्यात मराठी राजघराण्यांचा भाग विशेष बोलका आहे. महादजी शिंद्यांनी द ब्वाञ या सेनानीकरवी कवायती पलटणी उभारल्या आणि आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना चालवला, तेव्हा तोफखाना हेच त्यांच्या उत्तरेतील सत्तेचे बळ होते. 29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर आणि पन्नियार येथे एकाच दिवशी झालेल्या दोन लढायांत शिंद्यांच्या ग्वाल्हेर दरबारच्या फौजेचा ब्रिटिशांकडून पराभव झाला. त्यानंतर 1844च्या आरंभी जो तह लादला गेला त्याने दरबारची फौज नऊ हजारांवर आणि तोफा बत्तीसवर आणून ठेवल्या. ज्या घराण्याच्या खऱ्या तोफा अशा मोजून कमी करण्यात आल्या, त्याच घराण्याला पुढे सलामीच्या तोफा मोजून वाढवून देण्यात आल्या. या दोन मोजण्यांमधला संबंध ओळखल्याखेरीज संस्थानी सलाम्यांचे कोष्टक नीट वाचता येत नाही.

हे कोष्टक 1 जानेवारी 1877च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने पक्के झाले. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या राजवटीने सम्राज्ञीची सलामी 101 तोफांची आणि व्हाइसरॉयची 31 तोफांची ठरवली, म्हणजे कोणताही संस्थानिक कितीही चढला तरी एकवीसच्या वर जाणार नाही आणि राणीच्या प्रतिनिधीपेक्षा दहा तोफांनी खालीच राहील, याची तजवीज झाली. त्या वेळी एकवीस तोफांचा कायमचा मान असलेल्या हैदराबाद, म्हैसूर आणि बडोदे या संस्थानांत पुढे ग्वाल्हेर व जम्मू-काश्मीर यांची भर पडली. त्याखालोखाल एकोणीस, सतरा, पंधरा, तेरा, अकरा आणि नऊ अशा उतरत्या पायऱ्या होत्या. साडेपाचशेहून अधिक संस्थानांपैकी ज्यांना एक तरी पायरी मिळाली अशी संस्थाने सव्वाशेच्या आतच होती. अकरा तोफांपासून वरच्या राजांना ‘हिज हायनेस’ हा किताब लागे, नऊ तोफांच्या राजाला तो आपोआप मिळत नसे.

सलामीचे तीन प्रकार होते. गादीला मिळणारी ती कायमची, विद्यमान राजापुरती वाढवून दिलेली ती वैयक्तिक, आणि संस्थानाच्या हद्दीत तेवढी लागू होणारी ती स्थानिक. इंदूरच्या होळकरांना कायमच्या एकोणीस तोफा असत, पण स्वतःच्या हद्दीत एकवीस. घरात मोठेपणा आणि बाहेर दोन बार कमी, ही योजना ज्याने आखली त्याला मानवी स्वभावाची उत्तम पारख असली पाहिजे. वैयक्तिक वाढ राजाबरोबर संपत असल्यामुळे पुढच्या राजाला ती नव्याने मिळवावी लागे, आणि ती मिळवण्यासाठी निष्ठेचा पुरावा द्यावा लागे. राज्यकर्त्यांना या कारभारात दारूखेरीज फारसा खर्च येत नव्हता.

आजच्या महाराष्ट्राच्या नकाशावर हे कोष्टक ठेवले तर कोल्हापूर एकोणीस तोफांसह सर्वांच्या पुढे दिसते, जंजिऱ्याचे सिद्दी नवाब अकरावर, तर सावंतवाडी, सांगली, भोर आणि जव्हार ही नऊवर. औंध, फलटण, मिरज यांच्या वाट्याला एकही तोफ नव्हती. तरीही राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवणारी घटना 1939 साली अमलात आणली ती याच औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी, गांधीजींचा सल्ला घेऊन. तोफांच्या कोष्टकात असल्या कर्तृत्वाला रकाना नव्हता.

बडोद्याचे उदाहरण आणखी वेगळे आहे. खंडेराव गायकवाडांनी चांदीच्या तोफा करवल्या आणि त्यांच्यामागून गादीवर आलेल्या मल्हाररावांनी सोन्याच्या. रणात ज्यांचा काहीही उपयोग नाही अशा या तोफा संस्थानी वैभवाचे शिखर म्हणून मिरवल्या गेल्या, आणि त्याच मल्हाररावांना 1875 साली ब्रिटिशांनी पदच्युत केले, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्या जागी दत्तक आलेले सयाजीराव 12 डिसेंबर 1911च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जसमोर गेले, तेव्हा त्यांनी एकदाच झुकून, रिवाजाप्रमाणे पाऊल मागे टाकत न जाता पाठ फिरवली, असा गवगवा ब्रिटिश वृत्तपत्रांनी केला आणि महाराजांना खुलाशाचे पत्र द्यावे लागले. एकवीस तोफांच्या मानाला कुठे मर्यादा पडत असे, हे त्या पत्रावरून समजते.

स्वातंत्र्यानंतरही संस्थानिकांच्या सलाम्या काही काळ चालू राहिल्या. 1971च्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने त्यांची मान्यता व तनखे रद्द केले, तेव्हा त्या कोष्टकाचा आधारच गेला. 26 जानेवारी 1950 रोजी राष्ट्रपतींच्या शपथविधीला 31 तोफांची सलामी झाली होती, म्हणजे व्हाइसरॉयचा आकडा प्रजासत्ताकाने आरंभी आपल्याकडे घेतला. पुढे राष्ट्रपती आणि पाहुणे राष्ट्रप्रमुख यांच्यासाठी एकवीस हा आंतरराष्ट्रीय प्रघाताला धरून असलेला आकडा स्थिरावला.

तोफांच्या सलामीशी नेहमी गल्लत होते ती बंदुकांच्या फैरींची. फैर म्हणजे तुकडीतील सर्व शिपायांनी हुकमाबरोबर एकाच वेळी झाडलेल्या बंदुका, आणि अंत्यविधीत अशा तीन फैरी झाडतात. युरोपातील जुन्या लढायांत मृतांना उचलण्यासाठी युद्ध थांबवले जाई आणि काम संपल्याची खूण म्हणून तीन फैरी झाडल्या जात, असे त्याचे मूळ सांगतात. सात शिपायांच्या तीन फैरी झाल्या की बार एकवीस होतात, म्हणून वृत्तपत्रांत त्याला सर्रास ‘एकवीस तोफांची सलामी’ म्हटले जाते, वास्तविक तिथे तोफ नसतेच. महाराष्ट्रात शासकीय इतमामात होणाऱ्या अंत्यविधीत पोलिसांचे पथक देते ती मानवंदना याच जातीची. तोफांची संख्या हुद्द्यानुसार बदलते, फैरी साधारणपणे तीनच राहतात, मग मृत शिपाई असो की सेनापती. मान देण्याच्या या दोन रीतींपैकी दुसरी अधिक उदार आहे, हे मान्य करावे लागेल.

प्रजासत्ताक दिनी कर्तव्यपथावर होणाऱ्या सलामीचे तंत्र काटेकोर असते. राष्ट्रगीताच्या 52 सेकंदांत एकवीस बार बसवायचे, पहिला सुरांच्या आरंभी आणि शेवटचा अखेरीस, म्हणजे दोन बारांत अडीच सेकंदांच्या आसपास अंतर ठेवावे लागते, आणि तोफा आलटून पालटून उडवल्याखेरीज ते साधत नाही. अनेक दशके हे काम दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश पंचवीस पौंडी तोफांनी केले. 15 ऑगस्ट 2022 रोजी लाल किल्ल्यावर त्यांच्या जोडीला पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन संस्थेने विकसित केलेली 155 मिलिमीटरची अटॅग्ज तोफ प्रथमच सलामीसाठी उडवण्यात आली, आणि 2023च्या प्रजासत्ताक दिनापासून पंचवीस पौंडी तोफांची जागा 105 मिलिमीटरच्या भारतीय तोफांनी घेतली.