लघवीचा त्रास, बी.पी.ची गोळी आणि मूत्रपिंडाचा क्षय

पन्नाशी ओलांडलेला माणूस रात्री चार-चार वेळा लघवीला उठू लागला की घरचे म्हणतात, वय झाले. मग प्रोस्टेटची गोळी सुरू होते. ही गोळी बहुधा अल्फा-ब्लॉकर जातीची असते. याच जातीची प्राझोसिन, डॉक्साझोसिन ही औषधे रक्तदाबासाठीही देतात. रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल झाल्याने दाब उतरतो; मूत्राशयाच्या तोंडाचे सैल झाल्याने लघवी मोकळी होते. थोडा आराम पडतो, आणि इथेच घात होऊ शकतो.

कारण वारंवार लघवी, जळजळ, कधी रक्त ही मूत्रपिंडाच्या क्षयाचीही लक्षणे आहेत. क्षय म्हणजे खोकला, हे आपल्या वस्त्यांतून पक्के बसले आहे. परंतु फुप्फुसातले जंतू रक्तावाटे मूत्रपिंडात जातात आणि वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. पुढे मूत्रवाहिनी आकसते आणि फारसे न दुखताच मूत्रपिंड निकामी होऊ शकते. लघवीत पू-पेशी आहेत, पण साध्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत, असा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना क्षयाबद्दल जरूर विचारा. त्यासाठी सकाळची पहिली लघवी ओळीने तीन दिवस तपासतात, सोनोग्राफीही करतात. केंदूरहून शिरूरला किंवा पुण्याला ससूनला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा जुने सगळे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे एकाच पिशवीत न्या.

गोळ्या दाखवायच्या त्याला दुसरेही कारण आहे. क्षयाच्या औषधांतील रिफाम्पिसिन (लघवी नारिंगी होते ती याच्यामुळे, घाबरू नये) यकृताला इतके कामाला लावते की बी.पी.ची कित्येक औषधे अंगी लागण्याआधीच मोडून पडतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तोंडाने घेतलेल्या निफेडिपिनचा रक्तात पोहोचणारा भाग सुमारे ४१ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता. म्हणजे गोळी नेमाने चालू, आणि दाब मात्र चढलेला. अशा वेळी क्षयाचे औषध सोडू नये, बी.पी.चा डोस डॉक्टर बदलतात. क्षयाचा कोर्स संपल्यावर तोच वाढवलेला डोस जास्त होतो, चक्कर येते, म्हणून तेव्हाही दाब मोजून घ्यावा.

हा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. शिवाय पोषण आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. नोंदणी करताना बँकेचे पासबुक न्यायला विसरू नका.