मारून झाल्यावर उभं कुठे राहायचं?

सकाळी ६.०५

ऑक्टोबरात आमच्या उधवा गावात बॅडमिंटनचं फूल दिसण्याइतका उजेड आत्ता कुठे होतो. पावसाने पुसलेल्या रेषांवर नव्याने फक्की मारली आहे. कोर्ट १३.४० मीटर लांब, ६.१० मीटर रुंद, आणि एकेरीसाठी आतली ५.१८ मीटरची आखणी. जाळी मात्र व्हॉलीबॉलच्या खांबांना बांधावी लागते. ते खांब व्हॉलीबॉलच्या नऊ मीटर रुंदीच्याही बाहेर रोवलेले, त्यामुळे आमची जाळी दोन्हीकडून लांब दोरीवर लोंबते आणि मध्ये झोळ पडतो. नियमाने ती कडेला १.५५ मीटर आणि मधोमध १.५२४ मीटर हवी. खुणा केलेली बांबूची काठी मध्ये धरायची आणि दोरी ताणत राहायची. या कामाला कुणी पुढे येत नाही, म्हणून ते माझ्याकडे आहे.

एवढ्या सकाळी खेळायचं ते वाऱ्यामुळे. दिवस वर आला की डहाणूच्या किनाऱ्याकडून वारा सुटतो आणि पाच ग्रॅमच्या वस्तूचं काय व्हायचं ते होतं.

६.१५

सुरुवातीला फुलाशिवाय खेळ. पुढचे दोन कोपरे, मागचे दोन, दोन्ही बाजू: मध्यावरून निघायचं, हवेत रॅकेट फिरवायची, परत यायचं. लांबून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो आणि त्यात त्याची चूक नाही. यातली सगळ्यात महत्त्वाची हालचाल सगळ्यात लहान असते. समोरचा फूल मारतो त्या क्षणी दोन्ही पायांवर छोटीशी उडी घेऊन उतरायचं, म्हणजे शरीर कुठल्याही दिशेला सुटायला मोकळं राहतं. उडी आधी घेतली तर पाय पुन्हा जमिनीला चिकटतात, उशिरा घेतली तर फूल निघून गेलेलं असतं.

आमची जमीन चोपलेल्या मुरुमाची. हॉलमधले गमसोलचे बूट इथे घसरतात, आणि पळण्याच्या जाड टाचांच्या बुटांत घोटा मुरगळायची भीती. पातळ तळाचे साधे कॅनव्हासचे बूट बरे.

६.३०

टॉस. म्हणजे या टोकाहून त्या टोकाला उंच फूल. आपल्याकडे शिकवताना पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मनगटात ताकद पाहिजे.’ माझ्या मते या वाक्याने बरेच खेळाडू बिघडवले आहेत. ताकद येते कोपराखालचा हात आतल्या बाजूला वळतो त्यातून. मनगट फक्त त्या वळण्याला शेवटपर्यंत साथ देतं. मूठ तोवर सैल हवी आणि फुलाला लागतानाच आवळायला हवी. सुरुवातीपासून घट्ट धरली की हात वळतच नाही, मग माणूस खांद्याने ढकलतो आणि फूल जेमतेम मध्यावर पडतं. तिथे समोरच्याचा स्मॅश तयारच असतो.

दुसरी गोष्ट फुलाच्या मागे जाण्याची. फूल डोक्याच्या पुढे आणि जमेल तितक्या उंचावर घ्यायचं, तर त्याच्याआधी मागे पोचलेलं असावं लागतं. म्हणजे टॉस खराब गेला तर दोष हातात शोधण्याआधी पायांत शोधावा.

आम्ही नायलॉनचं फूल वापरतो, हिरव्या पट्टीचं. हिरवी पट्टी हळू, निळी मध्यम, लाल वेगवान. उष्ण हवा विरळ असल्यामुळे फूल लांब जातं, म्हणून आपल्याकडे हळू फूल योग्य.

६.५०

आता खरी परीक्षा: एकेरी. समोर माझा जुना विद्यार्थी, सध्या सिल्वासाकडच्या एका कंपनीत कामाला. माझे फटके त्याच्यापेक्षा नीटस आहेत, हे तोही मानतो. पॉइंट तो घेतो. कारण त्यानेच एकदा सांगितलं होतं, ‘सर, तुम्ही मारता आणि बघत राहता.’

पुस्तकी सल्ला असा की मारलं की मध्यावर परत यायचं. तो अर्धाच खरा आहे. समजा मी माझ्या उजव्या मागच्या कोपऱ्यातून सरळ टॉस मारला. त्याला सर्वांत लवकर पोचणारं उत्तर सरळच, म्हणजे माझ्या उजवीकडेच येणार. तिरपं उत्तर जास्त अंतर कापतं, तेवढा वेळ मला मिळतो. म्हणून उभं राहायचं ते मध्याच्या किंचित उजवीकडे. तोच टॉस मी तिरपा मारला, तर त्याचं सरळ उत्तर माझ्या डाव्या रेषेवर येतं आणि मी अजून उजव्या कोपऱ्यातून निघतोय. तिरपा फटका दिसायला हुशार, पण त्याचं भाडं पायांनी भरावं लागतं. दमलेल्या माणसाने सरळ खेळावं.

मागेपुढेही तसंच. उंच टॉस मागे पोचवला असेल तर मध्याच्या थोडं मागे. ड्रिबल, म्हणजे जाळीवरून अलगद सोडलेलं फूल, जाळीला चिकटून पडला असेल तर मागे यायचंच नाही. तिथून समोरच्याला एकतर ड्रिबल करता येतो नाहीतर उचलून द्यावं लागतं, आणि पुढे उभ्या माणसाची त्याला आधी धास्ती बसते. सांगलीचे नंदू नाटेकर जाळीजवळच्या अशा नाजूक खेळासाठी ओळखले जात. १९५६ मध्ये क्वालालंपूरला ते जिंकले तेव्हा परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. मूळचे ते टेनिस खेळणारे होते, हे मला दिलासादायक वाटतं: दुसऱ्या खेळातून येऊनही हात असा मऊ होऊ शकतो.

तर उभं राहायची जागा एक नाही. आपण आत्ता काय मारलं, त्यावर ती सरकते. हे कळायला मला टॉस शिकण्यापेक्षा जास्त काळ लागला.

७.१५

रस्त्यावर इको थांबते, हॉर्न वाजतो. चौदा-अकरावर खेळ तिथेच संपतो. गाडी भरलेलीच असते. इकडची तरुण मंडळी सिल्वासा, वापी, उंबरगावच्या कारखान्यांत जातात आणि गाडीची वेळ गेली तर हजेरी जाते.

११.४०

सातवीचा वर्ग, पायथागोरसचं प्रमेय. पाठ्यपुस्तकातली शिडी भिंतीला टेकवून कंटाळा आला होता, म्हणून फळ्यावर एकेरीचं कोर्ट काढलं. लांबी १३.४०, रुंदी ५.१८, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं किती? वर्ग करा, बेरीज करा. २०६.३९ येतात, वर्गमूळ सुमारे १४.३७. म्हणजे तिरपं फूल सरळ फुलापेक्षा मीटरभरच जास्त जातं. एका मुलीने विचारलं, ‘एवढ्याशाने काय होतंय, सर?’ प्रश्न बरोबर होता. फरक फुलाच्या प्रवासात फारसा नाहीच. तो मारणाऱ्याच्या धावण्यात आहे. मैदानावर नेऊन दोघींना दोन कोपऱ्यांतून पळवलं तेव्हा वर्गाला पटलं. हजेरी निम्मीच होती. भातकापणीचे दिवस आहेत.

१.३०

खिचडी, हजेरीचे कागद, ऑनलाइन माहिती भरणं. याबद्दल जितकं कमी लिहावं तितकं बरं.

सायंकाळी ५.०५

शाळा सुटली की पोरं जाळीवर. वारा भरात असतो. हॉलमध्ये शिकलेला खेळाडू इथे वैतागतो, पण माझ्या मते जागेचं भान द्यायला वाऱ्यासारखा मास्तर नाही. वारा पाठीवर असेल तर आपला टॉस बाहेर जातो आणि समोरून येणारं फूल अडखळून अलीकडे पडतं, म्हणून एक पाऊल पुढे. वारा तोंडावर असेल तर समोरच्याचं फूल मागे वाहत जातं, म्हणून पाऊलभर मागे, आणि बाहेर जाणारं सोडून द्यायची हिंमत हवी. पोरांना हे कुणी सांगितलेलं नाही. पंधरा गुणांनी बाजू बदलली की ती आपोआप सरकून उभी राहतात.

७.३०

आठवड्यातला हॉलचा दिवस. सहकारी शिक्षकांच्या गाडीतून तलासरी, तिथून महामार्गाने वापी. आधी दुकानातून रॅकेट घेतली, तारांचं नवं गटिंग, ताण २२ पौंड. मग तासाच्या भाड्याचं कोर्ट. मॅट, दिवे, सोळा पिसांचं खरं फूल. पिसाचं फूल सुरुवातीला सुसाट जातं आणि शेवटी एकदम थांबल्यासारखं खाली येतं. नायलॉनच्या सवयीने रॅकेट अर्धा क्षण आधी फिरते.

हॉलमध्ये दुहेरीच चालते, भाषा गुजराती-हिंदी. आक्रमणात एक मागे, एक पुढे. आपण उचलून दिलं की दोघं शेजारी-शेजारी. पुढच्याने जाळीला नाक लावून उभं राहायचं नाही. १.९८ मीटरवरच्या सर्व्हिस रेषेच्या आसपास राहिलं तर फूल डोक्यावरून निसटत नाही. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर अशी नोंद झाली आणि सगळ्यांनी तो आकडा पाठ केला. मी मात्र मुंबईच्या चिराग शेट्टीकडे बघतो. स्मॅशचं परतून आलेलं अर्धवट फूल जिथे पडणार, तिथे तो आधीच असतो.

९.४५

परतीला भिलाडपासून सहकारी शिक्षकांशी वाद. समोरून स्मॅश आला आणि फूल आम्हा दोघांच्या बरोबर मधून गेलं, दोघंही जागचे हलले नाहीत. ते म्हणतात, दोघं उजवे, तेव्हा डावीकडच्याचा फोरहँड मध्ये येतो, फूल त्याचं. माझं म्हणणं, स्मॅश मारणाऱ्याच्या तिरप्या समोर जो असेल त्याने मधलं घ्यावं, कारण सरळ समोरच्याला रेषा राखायची असते. आज ते डावीकडे होते आणि मारणारा त्यांच्या सरळ समोर. म्हणजे एका नियमाने फूल त्यांचं, दुसऱ्याने माझं. दोन्ही नियम चांगले प्रशिक्षक शिकवतात.

अच्छाड आलं तरी मिटेना. शेवटी ते म्हणाले, ‘अहो सर, निदान ओरडायचं तरी ठरवू. जो आधी “माझं” म्हणेल त्याचं.’

‘आणि दोघंही म्हणालो तर?’

‘तर तुम्ही मागे व्हा. तुमचं गटिंग आजचंच आहे.’